सांबाराची तटबंदी

"ससा हा नाकाने जगणारा प्राणी आहे. त्याच्या नाकाचा पराभव केला, की त्याच्या पोटाचा पराभव आपोआप होतो!"

आषाढातल्या एका सकाळी उकंडरावांनी आपल्या परसबागेच्या मधोमध उभे राहून हा सिद्धान्त मांडला. सिद्धान्त मांडताना ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलत आणि तो कोसळू लागला, की वऱ्हाडीवर येत. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस केनवडमध्ये अद्याप कोणी पाहिला नव्हता. हरलेले पुष्कळ होते. न हरता, नुसते कंटाळून घरी गेलेले त्याहूनही पुष्कळ!

सिद्धान्ताला निमित्त झाला होता त्यांच्या पायांपुढचा सांबाराचा वाफा. पुण्यामुंबईचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात, तो सांबार. काल संध्याकाळपर्यंत तो वीतभर उंच, हिरवागार आणि डोलता होता. पहाटे मागच्या शेतातून ससे आले आणि वाफ्याची अवस्था नुकत्याच मुंज झालेल्या बटूच्या डोक्यासारखी करून गेले. शेंडीपुरत्या चार काड्या मागे ठेवण्याचा धार्मिकपणाही त्यांनी दाखवला होता!

"अवो, नाकाचं राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "वाफ्याले जाळी लावून द्या."

"जाळी? ज्याला विचार करता येत नाही, तो जाळी लावतो, पंचफुला! मी निसर्गाच्या हातूनच निसर्गाला आवरणार. तुझ्या सांबाराला वनस्पतींची तटबंदी उभारतो. ससा जवळ फिरकला, तर मी उकंडराव नाव लावणार नाही!"

"नाव तुमचं राहील, बापा. माहं जाईल न!"

हे मात्र खरे होते. यंदा पंचफुलाबाईंच्या बचत गटाला वाशीमच्या मेळाव्यात प्रथमच जागा मिळाली होती. कार्तिकी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी मेळावा भरायचा होता आणि गटाने तिथे सांबारवडी तळायची होती. "वडीतला सांबार घरचा राहीन. बाजारातली एक काडी नाही!" असा शब्द पंचफुलाबाईंनी अकरा बायांसमोर दिला होता. लग्नाला अडतीस वर्षे होऊनही गाव त्यांना 'उकंडरावांच्या घरचे' याच नावाने ओळखत आले होते. या वडीला प्रथमच त्यांचे स्वतःचे नाव लागायचे होते. दिलेला शब्द मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आणि शब्दाऐवजी दुसरे काही मोडायची वेळ आली, तर त्यांच्या हाताशी लाटणे होते.

उकंडराव कामाला लागले. मोबाइलवर, पुस्तकांत आणि स्वतःच्या कल्पनेत शोध घेऊन त्यांनी तीन तटांची योजना आखली. बाहेरचा तट झेंडूचा, मधला लसणाचा आणि आतला तुळशीचा. तिन्हींचा वास उग्र. सशाला एकही आवडत नाही, असे त्यांचे म्हणणे. सशाचे म्हणणे कोणी विचारले नव्हते.

कुंपणापलीकडून शेजारचा मोहनसिंग हे सारे पाहत उभा होता.

"उकंडभाऊ, हे काय लावून राह्यले?"

"तटबंदी."

"सशासाठी? ससा त टुनकन उडी मारते न भाऊ!"

"शरीराने मारतो, मोहनसिंग. नाकाने नाही मारू शकत!"

मोहनसिंगने यावर बराच वेळ विचार केला आणि विचार संपण्याआधीच तो घरी गेला.

तट वाढले. झेंडू तर असा फुलला, की लांबून पाहणाऱ्याला परसाला आग लागल्याचा भास व्हावा! आणि मग दसरा आला. दसऱ्याच्या सकाळी उकंडराव उठून पाहतात तो बाहेरचा तट साफ! फुले नाहीत, कळ्या नाहीत. नुसती देठे उभी.

"मंजुषा!" त्यांनी सुनेला हाक मारली. "झेंडू कोणी खाल्ला? सशाने झेंडू खाल्ला?"

"खाल्ला नाही, बाबा. आळीतल्या बाया घेऊन गेल्या, तोरणाले. मीच म्हणलं, न्या. दसऱ्याच्या दिवशी कोणाले नाही म्हणाव काय?"

पहिला तट शत्रू येण्यापूर्वी मित्रांनीच लुटला! उकंडरावांनी मनाची समजूत घातली, की इतिहासात असे अनेक किल्ल्यांचे झाले आहे. त्याच दिवशी पंचफुलाबाईंनी मेळाव्यासाठी नवा सांबार पेरला.

दुसरा तट लसणाचा. तो सशापासून सुरक्षित होता, यात शंका नाही. पण ज्या वासाने ससा पळतो, त्याच वासाने घरातली माणसे धावत येतात, ही गोष्ट योजनेत नमूद करायची राहून गेली होती. पातीच्या लसणाची चटणी, लसणाची फोडणी, लसणाचा ठेचा. दिवाळीपर्यंत तटाला अशी भगदाडे पडली, की त्यातून ससाच काय, सशांची वरातही निघाली असती. सर्वात मोठे भगदाड स्वतः उकंडरावांच्या भाकरीसोबत पडले होते. त्याची वाच्यता त्यांनी केली नाही.

राहिला तिसरा तट. तुळस! आणि येथेच उकंडरावांच्या बुद्धीचा खरा कस होता. "तुळस कोणी ओरबाडत नाही, कोणी फोडणीत घालत नाही, कोणी उपटत तर नाहीच नाही. केनवडमध्ये तुळशीच्या रोपाला विनाकारण हात लावणारा माणूस जन्माला यायचा आहे. असा अभेद्य तट जगात दुसरा नाही!" वाफ्याभोवती हातहातभर अंतराने एकशे अकरा तुळशी कमरेएवढ्या डवरल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली, की परसात आयुर्वेदिक दवाखान्यात शिरल्यासारखे वाटे.

आणि आश्चर्य हे, की तो तट चालला! एका सकाळी उकंडरावांनी न्हाणीच्या आडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. एक ससा आला. मागच्या पायांवर उभा राहिला. त्याने नाक वर केले, मिशा हलवल्या, एक छोटीशी शिंक दिली आणि वसुलीला आलेल्या माणसाने दाराला कुलूप पाहून परत फिरावे, तसा तो खाली मान घालून परत फिरला. उकंडरावांनी वहीत नोंद केली : 'शत्रू शिंकून परतला.' आत सांबार निर्धास्त वाढत होता. पंचफुलाबाई रोज वाफ्याला पाणी देत आणि पाणी देता देता, अडतीस वर्षांत क्वचितच पाहिले असेल तशा, नवऱ्याकडे कौतुकाने पाहत. त्या एका नजरेपुढे उकंडरावांना आजवर जिंकलेले सारे वाद फिके वाटू लागले.

इतके सुख माणसाने भोगू नये! कार्तिक उजाडला.

कार्तिकी एकादशीच्या दिवशी मोहनसिंगची आई नानीबाई काठी टेकत परसात आली. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. पण गावात कोणाकडे कोणता कुळाचार चुकतो आहे, ते तिला दोन आळ्या पलीकडून दिसे. ती तटाभोवती फिरली, बोटे मोडत तिने तुळशी मोजल्या आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उकंडा, उद्याच्या बारशीपासून तुळशीचं लगन लागते. दारच्या तुळशीचं लावशीन न?"

"दरवर्षी लावतो, काकू."

"अन् ह्या? ह्या इतक्या जनी कुवाऱ्या ठेवतं काय रे?"

उकंडराव हसले. विद्वान माणूस अजाण प्रश्नाला हसतो, तसे हसले. "काकू, दारातली ती तुळस. हे कुंपण आहे. दोहोंच्या प्रयोजनात भेद आहे."

"बरं," नानीबाई म्हणाली. "कुंपण हाये. मंग लाव एकीले लाथ."

उकंडरावांचा पाय जागचा हलला नाही.

"कुंपण हाये न? कुंपणावर माणूस थुंकते, कपडे वाळू घालते. घाल बरं तुहं धोतर वाळू!"

पंचफुलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अवो, असं काही करू नका बापा! नाहीतर माहा सांबार उगवला तसा जळून जाईल."

"मी कुठं काही करून राह्यलो?" उकंडराव वऱ्हाडीवर आले. "काकूच त म्हनून राह्यली!"

"एका बापाच्या घरी एकशे अकरा पोरी लगनाच्या," नानीबाईने निकाल दिला, "अन् बाप म्हनते, प्रयोजन! घरात सांबार पिकन काय रे अशानं?"

पंचफुलाबाईंचा चेहरा उतरला. मेळाव्याला जेमतेम आठवडा उरला होता. त्यांच्या मनात आता सशाहून मोठी भीती शिरली होती. उकंडरावांनी ती पाहिली आणि त्याच क्षणी त्यांच्या मस्तकात वीज चमकली. वीज बऱ्याचदा चमकते तशीच. पुढे कशावर पडणार आहे, हे न सांगता!

"सामूहिक विवाह!" ते गरजले. "आपल्या भागात पन्नास पन्नास जोडपी एका मांडवात उभी राहत नाहीत काय? तुळशींनी काय घोडे मारले आहे? एकच मांडव, एकच मुहूर्त, एकशे अकरा विवाह!"

"अन् नवरदेव?" मंजुषाने विचारले. "आपल्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण एकच हाये, बाबा."

"एक पुरे! कृष्णाला सोळा हजार होत्या. एकशे अकरा म्हणजे किरकोळ!"

"तवाचं सोडा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "एकाच मांडवात एकाच नवऱ्याले एकशे अकरा बायका? मले एक नवरा आवरता येत नाही, त्या लेकरानं इतक्या जनी कशा आवराच्या?"

"कायदाही हाये आता," नानीबाईने पुस्ती जोडली.

शेवटी ठरले, की नवरदेव गावातून मागवायचे. ज्याच्या घरी बाळकृष्ण असेल, त्याने तो घेऊन यावा. उकंडरावांनी मजकूर स्वतः सांगितला आणि मंजुषाने तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : 'पौर्णिमेस सायंकाळी आमचे परसात तुळशींचा सामूहिक विवाहसोहळा योजिला आहे. इच्छुक वरपक्षांनी आपल्या बाळकृष्णासह नावे नोंदवावीत. प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य.'

तासाभरात नोंदणी संपली! एका घरी दोन बाळकृष्ण निघाले. मोहनसिंगकडेही दोन होते. त्याने दोन्ही नोंदवले. उशिरा आलेले लोक ओशाळून विचारू लागले, "भाऊ, एखादी तुळस आणखी लावता येत नाही काय, तातडीनं?"

पौर्णिमेच्या संध्याकाळी परसात जो सोहळा झाला, त्याचे वर्णन करायला एकशे बारावा बाळकृष्णच हवा. उसाचा मांडव उभारला होता. बोरे, आवळे आणि चिंचांचे ढीग लागले होते. प्रत्येक तुळशीसमोर एकेक पाट, पाटावर पितळी बाळकृष्ण आणि मागे त्याचे सारे कुटुंब नवे कपडे घालून उभे. पंचफुलाबाईंच्या गटाने सोळा लुगडी एकमेकांना शिवून वाफ्याभोवती फिरेल एवढा लांब आंतरपाट केला होता. उकंडराव फेटा बांधून, वधूपित्याच्या गांभीर्याने सर्वांचे स्वागत करीत होते. "सांबारात पाय टाकू नका! लगन बाहेरून लागते!" एवढे एकच वाक्य ते आशीर्वादासारखे पुनःपुन्हा म्हणत होते.

मानपानही झाले. पूर्वेकडच्या कोपऱ्यातले एक कुटुंब रुसून बसले.

"काय झालं?" उकंडराव धावले.

"आमच्या देवाले ठेंगणी नवरी काहून देल्ली? शेजारच्याची पाहा, कशी उंच हाये!"

"अरे, तिथं सावली पडते म्हून ठेंगणी राह्यली! गुणानं चांगली हाये!"

"म्हनजे सावळी अन् ठेंगणी, दोन्ही? हे आम्हाले आधी सांगाले पाह्यजे होतं!"

उकंडरावांनी हात जोडले, घरप्रमुखाच्या डोक्यावर मानाची टोपी घातली, उसाची दोन कांडी जास्त दिली, तेव्हा कुठे तो वरपक्ष उभा राहिला. मग लाउडस्पीकरवर मंगलाष्टके सुरू झाली. "शुभमंगल सावधान!" म्हणताच एकशे अकरा ठिकाणी अक्षता उडाल्या, बँडवाल्याने वाजवले, पोरांनी आवळे फेकले आणि नानीबाईच्या डोळ्यांना पाणी आले. उकंडरावांनाही भरून आले. आपल्या एका कल्पनेने सारे गाव एका मांडवात आणले! सांबाराला धक्का नाही. तट जागच्या जागी. धर्म झाला, शास्त्रही झाले. त्यांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला.

त्यांचा हात मिशीवर असतानाच नानीबाईने खणखणीत आवाजात फर्मावले, "चला, पाठवणी करा आता!"

"पाठवणी कायची, काकू?"

"लगन लागलं न? मंग नवरी का माहेरीच राह्यते?"

आणि उकंडरावांनी पाहिले. लोक येताना टोपल्या घेऊन आले होते. टोपल्यांत ओली माती होती. मातीत खुरपी खोचली होती. ही सारी पूजेची तयारी असावी, अशी त्यांची दोन तास समजूत होती!

"थांबा! थांबा!" ते ओरडले. "कोणी हात लावू नका! तुळस उपटत नसतात!"

"उपटत नाही, भाऊ," मोहनसिंग नम्रपणे म्हणाला. "आमी नवरी नेऊन राह्यलो. मुळासंगट."

"अरे पण... पण..." आयुष्यात प्रथमच उकंडराव मुद्दा शोधत होते. आणि सापडला! "घरजावई! मी सर्व जावई घरजावई ठेवतो! आहेत तिथंच राहू द्या, दोघांनाही!"

मग पूर्वेकडचे तेच रुसके कुटुंब पुढे आले. "आमचा देव घरजावई? सासऱ्याच्या परसात? ठेंगणी देल्ली ते चालवून घेतलं, हे नाही चालवून घेनार!"

सारे वरपक्ष एकमुखाने गरजले. वधूपित्याने जिभेवर दुसरा मुद्दा आणेपर्यंत पहिली खुरपी जमिनीत गेली होती. बायांनी पाठवणीचे रडे काढले. एकामागून एक एकशे अकरा नवऱ्या टोपलीत बसून, हळदकुंकू लेवून, बँडच्या मागे वाजतगाजत सासरी निघाल्या. आणि उकंडराव रिकाम्या खड्ड्यांकडे पाहत फेट्याच्या शेवाने डोळे टिपू लागले.

"बापाचं काळीज हाये, बाई!" एकजण गहिवरून म्हणाली. "खऱ्या पोरीच्या लगनातही असं रडत नाही कोणी!"

त्या संध्याकाळी सांबाराचा वाफा दरवाजे काढून नेलेल्या वाड्यासारखा उघडा पडला. उकंडरावांनी भोवती दोन बाजा आडव्या टाकल्या, एक पत्रा टेकवला आणि चार लुगडी बांधली. पण सशाला लुगड्याचा वास उग्र वाटत नाही.

उजाडताना ते परसात गेले. वाफ्यात तीन ससे शेवटच्या काड्या खात बसले होते. चौथा खात नव्हता. त्याला आता जात नसावे. वधूपक्षाकडच्या दुसऱ्या पंगतीत यथेच्छ जेवून उठलेल्या पाहुण्याच्या नजरेने त्याने उकंडरावांकडे पाहिले आणि सावकाश, पोट सांभाळत, तो निघून गेला. वाफ्यात या वेळी शेंडीही ठेवलेली नव्हती.

पंचफुलाबाई आल्या. त्यांनी वाफा पाहिला. त्या ओरडल्या नाहीत. लाटण्याकडेही गेल्या नाहीत. नुसत्या बांधावर बसल्या आणि हातातली पाण्याची बादली त्यांनी हळूच खाली ठेवली.

"मी गटाच्या बायायले सांगून देतो," त्या म्हणाल्या. "आपलं नाव काढून टाका म्हनाव. घरचा सांबार नाही, त वडी नाही. शब्द होता माहा."

उकंडरावांना ओरडणे सोसले असते. हे सोसवेना. ते आत गेले, पिशवी घेतली, वही घेतली, कालचाच फेटा डोक्यावर चढवला आणि तरातरा शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"व्याही, रामराम!"

मोहनसिंगने मागे वळून पाहिले. आपल्या पाठीशी कोणी व्याही उभा आहे काय, असे त्याला वाटले.

"तुले म्हणलं, मोहनसिंग! तुह्या परसात सांबार हाये न? दोन जुड्या पाह्यजेत."

"न्या न, भाऊ! चार न्या. कोणाले न्यायचा हाये?"

"पंचफुलाच्या वडीले."

"मंग त कापूनच देतो. त्याच्यात व्याही म्हणाची काय गरज?"

येथे उकंडरावांनी जुड्या पिशवीत टाकून गप्प परत यावे, असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटेल. पण शहाणपण निराळे आणि काटेकोरपणा निराळा!

"गरज आहे!" ते पुस्तकी मराठीवर चढले. "शेजाऱ्याचा सांबार हा परका सांबार. पंचफुलाने शब्द दिला आहे, की सांबार घरचा. तू जर माझा व्याही असशील, तर तुझा सांबार घरचा ठरतो. नसशील, तर मला तुझी एक काडी नको."

"अहो, ते पूजेचं लगन होतं, भाऊ. खरं थोडंच होतं!"

"पूजेचं होतं तर नवरी का नेलीस? एक काय, दोन नेल्यास! नवरी नेली, म्हणजे सोयरीक झाली. सोयरीक अर्धी नसते, मोहनसिंग. एक तर दोन्ही नवऱ्या आत्ता माझ्या परसात आणून लाव, नाहीतर नाते कबूल कर. पूर्ण नाते. सणावारासकट!"

मोहनसिंगने आपल्या दारातल्या दोन डवरलेल्या तुळशींकडे पाहिले. नानीबाईने आतून खाकरून सूचना दिली.

"कबूल," तो म्हणाला. "सणावारासंगट कबूल."

"सही कर!"

त्याने वहीत सही केली. मग उकंडराव दुसऱ्या दारी गेले. तिसऱ्या. दहाव्या. जो दोन जुड्या प्रेमाने देत होता, त्याच्याशीही ते वाद घालत. "आधी व्याही म्हणा, मग जुडी द्या!" पूर्वेकडच्या रुसक्या कुटुंबाने पाऊण तास झुंज दिली, शेवटी त्यांच्याही घरप्रमुखाने "सणावारासंगट" असे लिहून सही ठोकली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा पिशवी पुरेना, म्हणून बैलगाडी काढावी लागली. गाडीवर सांबाराचा हिरवा डोंगर आणि त्याच्या शिखरावर फेटा बांधलेले उकंडराव! अशी मिरवणूक केनवडने कालही पाहिली नव्हती.

"हा घ्या," ते पंचफुलाबाईंसमोर उतरून म्हणाले. "सारा घरचा! एकशे नऊ सोयऱ्यायच्या घरचा. पुरावा वहीत हाये!"

पंचफुलाबाईंनी डोंगराकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि मग, वाफ्याला पाणी देताना पाहत तशा, नवऱ्याकडे पाहिले.

मेळाव्यात काय झाले, ते थोडक्यात सांगायचे, तर दुपारी दोन वाजता कढई रिकामी झाली आणि त्यानंतर लोक नुसता वास घ्यायला उभे राहिले. माइकवरचा माणूस सारखा पुकारत होता, "पंचफुलाबाईंची सांबारवडी! केनवडच्या पंचफुलाबाई!" एका गृहस्थांनी उकंडरावांना विचारले, "आपण कोण?" तेव्हा ते छाती फुगवून म्हणाले, "मी पंचफुलाबाईच्या घरचा!"

संध्याकाळी घरी परतले, तो दाराशी वीसपंचवीस माणसे उभी. पुढे मोहनसिंग, हातात नव्या वर्षाचे कॅलेंडर. उकंडरावांना वाटले, अभिनंदनाला आले.

"व्याही, रामराम!" मोहनसिंग म्हणाला. या वेळी मागे वळून पाहण्याची पाळी उकंडरावांवर आली.

"रामराम. या, बसा. काय काढलं?"

"काही नाही. पुढच्या सालचं कॅलेंडर आलं. पाहून राह्यलो होतो. जेठ दोन हायेत."

"मग?"

"अधिक महिना, बाबा," मंजुषा हळूच म्हणाली. "धोंड्याचा महिना."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासुरवाडीस बोलावतात. पुरणाचे धोंडे आणि ताटात तेहतीस अनारसे. कमी नाहीत, तेहतीस. उकंडरावांचा हिशोब नेहमीच पक्का असे आणि या वेळी तो त्यांच्या इच्छेविरुद्ध झाला. तेहतीस गुणिले एकशे अकरा. तीन हजार सहाशे त्रेसष्ट!

"अरे, जावई म्हणजे देव हायेत!" ते कळवळून म्हणाले. "पितळेचे देव! देव कुठं अनारसे खाते?"

"देव नाही खात," मोहनसिंगने मान्य केले. "पन त्याच्यासंगं आमी येतो न. माह्या घरी त तुमचे दोन जावई हायेत. मी दोन पंगतीले बसीन."

"सणावारासंगट, असं तुमीच लिहून घेतलं," मागून पूर्वेकडचा व्याही म्हणाला. "अन् आमची नवरी ठेंगणी हाये. आमच्या ताटात अनारसे जरा मोठे पाहा."

उकंडरावांनी तोंड उघडले. मुद्दा शोधला. डावीकडे शोधला, उजवीकडे शोधला, आढ्याकडे पाहून शोधला. तो कुठेच नव्हता. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, आयुष्यात प्रथमच, बायकोला प्रश्न विचारला.

"पंचफुला, अनारशाले तांदूळ किती दिवस भिजू घालते वं?"